नावाडी घरी पोचला काय

त्या साली आमच्या घरातलं भात आषाढातच संपलं. एरवी ते श्रावणाच्या मध्यापर्यंत ओढूनताणून पुरायचं. पण त्या साली शिवराम काका मुंबईहून परत आला होता. त्याची गिरणी बंद पडली, चाळीतली जागा सुटली आणि पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं पत्र्याची ट्रंक घेऊन तो रत्नागिरीच्या बंदरावर उतरला. म्हणजे दर महिन्याची मनीऑर्डर थांबली आणि ती पाठवणारा माणूस पाटावर येऊन बसला. आये सकाळी नाचणीची पेज करायची, दुपारी टाकळ्याचा पाला आणि भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. सुके बोंबील मडक्यात होते, पण मडक्यात हात घालायचा अधिकार फक्त तिचा. माझी बहीण भागी तेव्हा पंधरा वर्षांची होती. पेज वाढताना ती डाव तळाशी घालायची. तळाचं जाड बाबांना, काकाला आणि मला, वरचं पाणी तिला आणि आयेला. हे मला तेव्हा दिसत होतं, कळत नव्हतं. कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि समोर भरलेलं ताट होतं.

हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. आम्ही खारवी. आमच्याकडे पावसाळा असाच जायचा. दर्या खवळला की होड्या वर ओढायच्या, त्यांच्यावर माडाच्या झापांचं छप्पर करायचं आणि नारळी पुनवेपर्यंत वाट बघायची. कुणाच्या घरात जास्त होतं, कुणाच्या कमी. आमच्या घरात त्या साली कमी होतं, एवढंच.

यंदाही होड्या वर आल्या आहेत. काल संध्याकाळी भाट्याच्या बाजूनं फिरून येताना एका शाकारलेल्या होडीजवळून गेलो आणि पाय थांबले. फळ्यांना माशाचं तेल चोपडलं होतं. तो वास ज्यांना सवयीचा नाही ते नाकाला धोतराचा सोगा लावून पुढे जातात. मी उभा राहिलो. लोकांना कादंबरी म्हटलं की काय आठवत असेल ते असो, मला माशाच्या तेलाचा वास आठवतो. कारण माझ्या आयुष्यातली पहिली कादंबरी मी आमच्या होडीखाली बसून वाचली आणि ती एकट्यानं वाचली नाही.

आमच्या शाळेत तेव्हा दोन तऱ्हेची मुलं होती, बारमाही आणि पावसाळी. हे शब्द मास्तरांचे. बारमाही मुलं म्हणजे वकिलांची, कारकुनांची, दुकानदारांची. ती वर्षभर यायची. पावसाळी आम्ही. होड्या वर आल्या की घरात आमचं काम नसायचं, म्हणून आम्हाला शाळेत लोटायचे. ज्येष्ठात हजेरीपटावर आमची नावं खाली एका घोळक्यानं चढायची आणि नारळी पुनवेनंतर एका घोळक्यानं उतरायची. अशानं चौथीत पोचायला मला सात पावसाळे लागले. मी तेरा वर्षांचा होतो आणि बाकावर माझे गुडघे मावत नव्हते. मास्तर आमच्यावर रागवायचे नाहीत, पण फार जीवही लावायचे नाहीत. दोन महिन्यांनी जायच्या पोरांना कोण जीव लावणार?

आणि माझा तर तो शेवटचा पावसाळा ठरला होता. बाबा तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या हुकमानं चालायची. त्यांच्या होडीतला एक गडी कुलाब्याकडे निघून गेला होता. पुनवेनंतर त्याच्या जागी मी जायचं होतं. आजवर मी किनाऱ्यावर पाट्या उचलत होतो. आता दोर ओढायचा होता. यात दुःख वाटावं असं काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. खारव्याचा मुलगा तेराव्या वर्षी होडीत जातो. उलट छाती फुगली होती.

मग ते पुस्तक आलं.

शाळेच्या कपाटात मोडकी पृथ्वी होती, खडूचे तुकडे होते आणि पाचपंचवीस पुस्तकं होती. त्यांतलं हे सर्वांत जाड, दोन भागांत. पुठ्ठा उडालेला, पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे त्याचं नाव मला दिसलं नाही आणि मास्तरांना विचारायचं राहूनच गेलं. मास्तर म्हणाले, ही जुन्या काळातली नामांकित कादंबरी, त्यांच्या वडिलांच्या पिढीनं हिच्यासाठी जेवणं सोडली. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास ते आम्हाला ती वाचून दाखवायचे.

रणधीर नावाचा सरदारपुत्र. हेमलता नावाची मुलगी. तिला कुणा दुष्ट किल्लेदारानं कोंडून ठेवलेलं. भाषा अशी की वाक्य सुरू झालेलं कुठे संपेल याचा पत्ता लागू नये. बारमाही मुलं तलवारीच्या जागी सरसावून बसायची. आमचे प्रश्न वेगळे असायचे. हेमलतेला दर चार पानांनी मूर्च्छा यायची. मी हे घरी सांगितलं तर आये सूप पाखडता पाखडता म्हणाली, "उपाशी असंल. त्या किल्ल्यात तिला जेवन कोन घालतां?"

मी म्हटलं, "पुस्तकात तसं काय लिवलेलं नाय."

"लिवलां नाय म्हंजे घालीत नसतील," आये म्हणाली आणि तिच्या दृष्टीनं तो विषय तिथे मिटला.

पुढच्या शनिवारी मी मास्तरांना खरंच विचारलं, की ही माणसं जेवतात कधी. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत, त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "एका ठिकाणी पक्वान्नांचं ताट आहे. पण हेमलतेनं ते दूर सारलं." पावसाळी मुलांच्या बाकांवर शांतता पसरली. आमच्यातल्या कुणालाही ते पटलं नाही. ताट दूर सारणारी मुलगी आम्ही पाहिली नव्हती.

आज शिक्षक म्हणून मी वर्गात उभा राहतो तेव्हा ही शांतता मला आठवते. पोटात भूक असलेली मुलं गोष्ट ऐकताना काय ऐकतात? मला वाटायचं, भूक विसरायला ऐकत असतील. तसं नव्हतं. आम्ही भूक घेऊनच गोष्टीत शिरायचो आणि तिथल्या माणसांना विचारायचो, तुमचं काय चाललंय?

आषाढ लागला आणि मास्तरांचा घसा बसला. त्यांनी मला उभं केलं. पावसाळी असलो तरी माझं वाचन बरं होतं. मी वाचलं, घंटा झाली, पण गोष्ट अशा जागी आली होती की कुणी उठेना. मास्तरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पहिला भाग माझ्या हातात दिला. "घरी वाच. भिजवलंस तर तुझ्या बापाला येऊन सांगेन." मी पुस्तक सदऱ्याच्या आत पोटाशी बांधलं, वर इरलं घेतलं आणि धावत घर गाठलं.

घरात रॉकेल नव्हतं, म्हणून वाचायचं ते दिवसाउजेडी. उजेड होता होडीखाली. तिथे झापांच्या आत बाबा आणि काका जाळी दुरुस्त करत बसायचे, भागी सूत गुंडाळून द्यायची, आये मध्येच येऊन टेकायची. मी फळीला पाठ लावून वाचायला लागलो. पहिल्या दिवशी काकानं तोंड वाकडं केलं. "थापा सगळ्या. मुंबैत असल्या थापांची दुकानां हायत."

बाबा म्हणाले, "शिव्या, तू जाळां बघ. काल तू विनलेल्या भोकातनं देवमासा जाईल."

काका पंधरा वर्षं गिरणीत होता. त्याचे हात सूत ओळखायचे, पण जाळ्याचं सूत नव्हे. दर्याचं तर विचारूच नका. आगोटीत, पाऊस लागायच्या तोंडावर, एकदा बाबांनी त्याला खाडीच्या तोंडापर्यंत नेलं होतं, तर गडी होडीच्या काठावर पोट टेकून जो पडला तो किनाऱ्याला लागल्यावर उठला. खारव्याचा मुलगा होडीत ओकतो ही गोष्ट खारवीवाड्यात चवीनं सांगितली जायची. काका कुणाकडे मान वर करून बघायचा नाही.

चौथ्या का पाचव्या दिवशी वादळाचं प्रकरण आलं. रणधीरनं हेमलतेला किल्ल्यातून सोडवलं आणि दोघं एका छोट्या होडीत बसली. होडीवर एक वृद्ध नावाडी आणि चार वल्हेकरी. वादळ सुटलं. लेखकानं वादळाला पाच पानं दिली होती.

बाबांची सुई थांबली. "वारा कुठला?"

मी शोधलं. "प्रचंड वारा, असं लिवलंय."

"प्रचंड म्हंजे कुठला? दिशा सांग."

दिशा दिलेली नव्हती. बाबांनी मला मागची दोन पानं पुन्हा वाचायला लावली, किनारा कुठे, किल्ला कुठे, चंद्र कधी उगवला हे विचारून घेतलं आणि स्वतःच ठरवलं, की वारा पश्चिमेचा. "आता वाच," म्हणाले. जणू आता होडी त्यांच्या ताब्यात आली होती. नावाड्यानं स्वतःला सुकाणूला बांधून घेतलं. दोन फळ्या निखळल्या. एक वल्हं गेलं. नावाड्यानं लाट बघून होडी वाळूवर घातली. तेव्हा बाबांनी "शाबास" म्हटलेलं मी ऐकलं, अगदी हळू, आपल्या गड्याला म्हणावं तसं. रणधीरनं हेमलतेला दोन्ही हातांवर उचललं, उडी मारली, किनाऱ्यावर त्याचा विश्वासू सेवक घोडा घेऊन उभा होता. दोघं घोड्यावर बसली आणि अंधारात दिसेनाशी झाली. प्रकरण संपलं. पुढचं प्रकरण महालात सुरू झालं, कारंजी, मोर वगैरे.

"थांब," भागी म्हणाली. "नि तो म्हातारा?"

मी पुढे चाळलं. मोर होते. कारंजी होती. म्हातारा नव्हता.

"पुढं येईल," मी म्हटलं.

बाबा वाळूवर बोटानं रेघ ओढत होते. "होडी फुटलेली. म्हातारा नि चार गडी. एकाचां वल्हा गेलां म्हंजे खांदा बी गेला असंल. भरती चढंल तसा दर्या होडी परत नेईल. त्याच्या आत वर ओढली पायजे. चौघांनी नाय ओढवत." मग जरा थांबून म्हणाले, "त्या रणधीरनं हात लावला असता तरी जमलां असतां. आनि घोडा होता. घोड्याला दोर बांधला असता तर एका दमात वर आली असती."

काका इतके दिवस मान खाली घालून असायचा. तो म्हणाला, "दादा, तो कशाला हात लावंल? त्याचां काम झालां."

त्या दुपारनंतर कादंबरीचा धागा आमच्यापुरता बदलला. रणधीरचं राज्य परत मिळतं की नाही, हेमलतेचा बाप मानतो की नाही, याच्याशी आम्हाला फारसं कर्तव्य उरलं नाही. आम्हाला एकच जाणून घ्यायचं होतं, नावाडी घरी पोचला काय. मी रोज वाचत होतो आणि चौघं त्याच एका गोष्टीसाठी ऐकत होती. कुठे दाराशी कुणी वृद्ध आला असं वाक्य आलं की भागी सुताचं गुंडाळं खाली ठेवायची. तो पुरोहित निघायचा. एकदा वृद्ध सेवक निघाला. एकदा तर साधूच्या वेशातला रणधीरच निघाला आणि आये चिडून उठून गेली.

वाड्यातली इतर पावसाळी मुलंही विचारायला लागली. त्यांनी ते आपापल्या घरी नेलं. जाळी विणत बसलेले मोठे लोक माझ्या बाबांना येता-जाता विचारायचे, "काय तांडेल, त्या म्हाताऱ्याचां काय कळलां?" जणू हर्णैकडच्या कुणा ओळखीच्या माणसाची होडी चुकली आहे. ही माणसं कधी नव्हतीच, एका माणसानं पुण्यात बसून ती मनानं रचली, हे मी सांगून पाहिलं. ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "रचली ना? मंग त्याला ठावां असंल."

मला आजही याचं कुतूहल आहे. देवादिकांच्या कथा त्यांनी कीर्तनात पुष्कळ ऐकल्या होत्या. तिथे सगळ्यांचा शेवट ठाऊक असतो. जो वाटेत भेटला त्याचाही कुणी तरी उद्धार करतं. माणसाला भर वादळात उभं करून त्याचं पुढे काही न सांगणं, हे त्यांना नवीन होतं. त्यांना ती चूक वाटली. विसरभोळेपणा वाटला. विसरलेल्या माणसाला आठवण करून देता येते, असा त्यांचा साधा हिशेब.

श्रावण लागला आणि मास्तरांकडून मागून आणलेला दुसरा भागही संपला. रणधीर गादीवर बसला, हेमलता राणी झाली, सर्व प्रजा सुखी झाली. नावाडी नाही. मी मास्तरांकडे गेलो आणि विचारलं.

वर्गात वकिलांचा विनायक बसला होता. तो म्हणाला, "नावाड्याचं काय घेऊन बसलास? त्यानं होडी चालवली, संपलं."

मास्तरही आधी म्हणाले, "अरे, कथानक पुढे गेलं." मग त्यांनी माझ्या हातून दोन्ही भाग घेतले. शनिवार-रविवार पुस्तकं त्यांच्याकडे होती. सोमवारी त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "कुठेच नाही," म्हणाले. "मी ही कादंबरी चार वेळा तरी वाचली असेल. मला कधी सुचलं नाही." हे ते आपल्या एका पावसाळी मुलाला सांगत होते आणि त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला मी आता शब्द देऊ शकतो: त्यांना स्वतःचं नवल वाटत होतं. त्याच दिवसापासून त्यांनी मला शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घ्यायला सुरुवात केली, गणिताला आणि इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकाला. मी थांबायला लागलो आणि तिथे माझी पंचाईत झाली. पुनव आठ-दहा दिवसांवर आली होती. आजवर जिची वाट बघत होतो ती येऊ नये असं मला वाटायला लागलं. हे घरी कुणाला सांगायचं?

मास्तरांचा निरोप नसताना एक दिवस बाबा आपण होऊन शाळेत आले. आमच्या वाड्यातला बाप शाळेत येतो तो पोराला ओढून न्यायला, म्हणून सगळा वर्ग बघत राहिला. बाबा व्हरांड्याच्या पायरीखाली उभे राहिले. डोक्यावरचं इरलं निथळत होतं.

"मास्तर, त्या बुकवाल्याला एक कागूद घाला," ते म्हणाले. "म्हनावां, म्हाताऱ्याचां लिवायचां ऱ्हायलां."

मास्तर म्हणाले, "तांडेल, ते गृहस्थ वारले. मी लहान होतो तेव्हाच."

बाबा म्हणाले, "मंग आता कोनालाच ठावां नाय."

"नाही."

"म्हंजे ते तसेच त्या वाळूवर."

 मास्तर पायरी उतरून पावसात बाबांच्या शेजारी आले आणि म्हणाले, "सदाशिवाचं नाव पुनवेनंतर कमी करायचं का? डोकं आहे त्याला. बारमाही झाला तर इंग्रजी शाळेत मी त्याची नादारी करून देईन, फी पडणार नाही."

"होडीत एक मानूस कमी हाय," बाबा म्हणाले. ते रागानं म्हणाले नाहीत. जे होतं ते त्यांनी सांगितलं. एक माणूस कमी म्हणजे जाळं पुरतं ओढलं जाणार नाही आणि जाळं ओढलं गेलं नाही तर मडक्यात काय जाईल? मी खिडकीतून ऐकत होतो. बाबांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

नारळी पुनवेला सगळा वाडा किनाऱ्यावर आला. आमच्या होडीचा नारळ बाबांनी दर्याला दिला. मग आयेनं पदराखालून दुसरा नारळ काढला. आमच्या घरात त्या साली दुसरा नारळ असणं हीच एक बातमी होती. भागीनं कुणाच्या तरी परसात चार दिवस माडाखालचं गवत काढून तो मिळवला होता. बाबांनी विचारलं, "ह्यो कोनाचा?"

आये म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचा. नि चार गड्यांचा. त्यांच्या घरच्यांना कोन सांगनार कधी नारळ द्यायचा ते?"

बाबांनी तो हातात घेतला, कुंकू लावलं आणि आपल्या होडीच्या नारळासारखाच, वाकून, हळू पाण्यात सोडला. आजूबाजूच्या कुणी हसलं नाही. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं तो कुणाचा ते. मी तेव्हा शरमलो. वाटलं, मास्तरांनी पाहिलं तर म्हणतील, हे लोक खुळे आहेत, खोट्या माणसांना नारळ देतात. पुढे कॉलेजात वाङ्मयाच्या तासाला आमचे प्रोफेसर जुन्या कादंबऱ्यांवर बोलत होते. मी उठून विचारलं, की अशा गोष्टींतल्या नावाड्यांचं, वल्हेकऱ्यांचं पुढे काय होतं. वर्ग हसला, आमच्या शाळेतला हसायचा तसाच. प्रोफेसर म्हणाले, ती गौण पात्रं. शब्द मला नवीन होता, मी तो वहीत उतरून घेतला. सुट्टीत काकाला सांगितला. त्यानं विचारलं, "गौन म्हंजे?" मी म्हटलं, "ज्यांचं पुढे सांगत नाहीत ती." काका बराच वेळ हसत राहिला. "मंग आमी समदी गिरनी गौन," म्हणाला.

पण हे पुढचं. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे होडी पाण्यात घालायची होती. मी सदरा काढून, कमरेला रुमाल बांधून तयार होतो. भागीनं माझ्यासाठी भाकरी बांधली होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. इतक्यात काका आतून आला. त्यानंही रुमाल बांधला होता. गिरणीत पांढरे पडलेले त्याचे पाय उघडे होते.

"दादा, सद्याला ऱ्हाऊं दे. मी येतो."

बाबा म्हणाले, "तू ओकतोस."

"ओकीन. ओकून दोर वढीन."

"तुला जमायचां नाय, शिव्या. पंधरा वर्सां तू दर्या बघितला नायस."

काका दोन पावलं पुढे आला. इतका वेळ बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "दादा, गिरनी बंद झाली त्या दिवशी आमी दरवाज्यापाशी उभे होतो. मालक आला, मोटारीत बसला नि गेला. काच बी खाली नाय केली. कोन कुठनं आलाय, घरी जाईल कसा, एक सबूद नाय. मी म्हनलां ह्या बुकात थापा हायत. पन तेवढां खरां लिवलंय त्यानं. घोड्यावर बसतात नि जातात. त्याला म्हाताऱ्याचां सुचलां नाय, मास्तराला सुचलां नाय. ह्या पोराला सुचलां." आणि मग जरा अडखळून, "म्हंजे भागीला सुचलां. पन शाळेत हा हाय."

भागीनं भाकरीची गाठ पुन्हा आवळली. काका म्हणाला ते खरं होतं आणि त्याबद्दल कुणी काही करणार नव्हतं, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. मी पदवीचा कागद प्रथम तिच्या हातात दिला, तोही तिला वाचता येत नव्हता. याचा हिशेब माझ्याकडून अजून लागलेला नाही.

बाबांनी काकाच्या हातांकडे पाहिलं, मग पाण्याकडे. भरती लागली होती, थांबायला वेळ नव्हता. "चल मंग," ते काकाला म्हणाले. आणि मला, "सदरा घाल. शाळेत जा. दुपारी मासळी यील तेव्हा किनाऱ्यावर पायजेस."

काका पहिल्या दिवशी ओकला, दुसऱ्या दिवशी ओकला. सहाव्या दिवशी बाबांनी घरी आल्यावर सांगितलं की आज नाही ओकला. त्यानं पुढे अकरा वर्षं आमच्या होडीत दोर ओढला. लोक त्याला गिरणीवाला तांडेल म्हणून चिडवायचे आणि तो चिडायचा नाही.

मी त्या दिवशी शाळेत गेलो. पावसाळी मुलांचे बाक रिकामे झाले होते. मास्तरांनी हजेरी घेतली, माझ्या नावापाशी आले, वर पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं. त्यांनी माझं नाव कमी केलं नाही. इंग्रजी शाळेत त्यांनी नादारी करून दिली. मी मॅट्रिक झालो, पुण्याला गेलो, शिकवण्या केल्या, एकदा नापास झालो, पुन्हा बसलो. मग मी बी.ए. झालो. आमच्या खारवीवाड्यातून तोवर कुणी झालं नव्हतं.